तीन कात्रणं, एकच हात

यशवंता,

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. कधी तुझी तब्येत, कधी माझी, कधी कोशाची दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा बघू. वर्तमानपत्रात जन्म काढलेल्या माणसाला निमित्तं शोधावी लागत नाहीत, ती टेबलावर येऊन पडतात. मागच्या महिन्यात गडमुडशिंगीच्या विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला बसलो आणि माझ्याजवळची सगळी निमित्तं संपली.

वंदना झाल्यावर तुझ्या कॉलेजातला एक तरुण प्राध्यापक तुझा परिचय करून द्यायला उठला. त्याच्या हातात आमचा जिल्हा चरित्रकोश होता, पानात बोट घालून धरलेला. सरांबद्दल मनचं बोलून चूक व्हायला नको, म्हणून छापलेलंच वाचतो, असं तो म्हणाला. आणि त्यानं वाचलं: 'घटसर्पावरील नव्या लसीचे संशोधक. मात्र या लसीने गगनबावडा परिसरात म्हशी दगावल्याने त्यांचे संशोधन वादग्रस्त ठरले व बंद पडले.' वाचून झाल्यावर, ही नोंद लिहिणारे संपादक आज आपल्यात आहेत, असं त्यानं सांगितलं. माणसं वळून माझ्याकडं आदरानं बघायला लागली. शालिनीवहिनी पुढच्या रांगेत होत्या. त्या वळल्या नाहीत.

तुझ्या गावात, तुझ्या माणसांसमोर, तू गेल्यावर वाचलं गेलं ते माझं वाक्य. त्याला आधार नव्हता हे त्या सभेत मला माहीत होतं, आणि मी मांडी बदलून बसलो. म्हणून आता लिहितोय. तू वाचणार नाहीस, तरी तुलाच लिहितोय. दुसऱ्या कुणाला लिहायला घेतलं तर मी पुन्हा संपादकासारखं लिहीन.

आपली ओळख शाळेतली, पण खरी मैत्री गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरची. तू पशुसंवर्धन खात्याच्या प्रयोगशाळेतून सुटायचास, मला संध्याकाळच्या पाळीला जायचं असायचं. रस्त्याकडेला म्हशी उभ्या, गवळी समोर धार काढून फेसाळ पेला हातात देणार, तालमीतली पोरं आणि पेन्शनर एकाच रांगेत. तू आधी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवायचास, कान चाचपायचास, आणि मग पेला घ्यायचास. गवळी विचारायचा, 'डॉक्टर, म्हैस बघाय आलाय का दूध प्याला?' तू म्हणायचास, 'म्हैस बघितल्याबिगर दुधाला चव येत न्हाय.'

तिथंच उभ्या उभ्या तू मला तुझं काम समजावलंस. घटसर्प म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर येणारा, जनावराचा गळा सुजवून बघता बघता त्याला मारणारा रोग. नेहमीची लस दर उन्हाळ्यात टोचून घ्यावी लागे, आणि डोंगरातल्या वाड्यांवर ते एखाद्या वर्षी राहून जाई. तू तयार केलेल्या लसीचा असर जास्त टिकेल, असा तुझा दावा होता. दावा हा शब्दही तुझाच. मी एकदा शोध म्हणालो तर अंगावर आलास. 'शोध न्हवं, दावा. सिद्ध झाला की मीच येऊन सांगतो. तवर दावाच लिहायचं.'

तू काही सोपा माणूस नव्हतास. खात्यातल्या वरिष्ठांना तू भर बैठकीत खुर्चीला चिकटलेले गोचीड म्हणाला होतास, आणि ते कुणी विसरलं नव्हतं. तुझी लस खरी की थाप यावर दोन तट पडले होतेच. एका तटाला तू देवमाणूस वाटायचास, दुसऱ्याला आगाऊ. अशा माणसाबद्दल लिहिताना हात जपून चालवायला हवा, एवढं मला कळत होतं. जपायचं म्हणजे काय करायचं, ते कळत नव्हतं.

मग नव्वदच्या दशकातला तो पावसाळा आला. गगनबावड्याकडं पाऊस लागला की आधी फोन मरायचा, मग वीज जायची. बातमी यायची ती एसटीनं. आमचा तिकडचा वार्ताहर भिकाजी, तो कंडक्टरच्या हाती पाकीट द्यायचा आणि आमचा शिपाई ते स्टँडवरून उचलून आणायचा. त्या दिवशीचं पाकीट भिजलेलं होतं. आत भिकाजीचं ठसठशीत अक्षर. नव्या लसीच्या शिबिरानंतर म्हशी दगावल्या. लसीमुळेच हे झालं असं ग्रामस्थांचं म्हणणं आहे. दूध संस्थेच्या सचिवांनीही त्याला दुजोरा दिला.

त्या बातमीचं संपादन माझ्याकडं होतं. मथळा तीन कॉलमी होता आणि 'ग्रामस्थांचा आरोप' हे शब्द त्यात मावेनात. मी ते काढले. उरलं ते 'नव्या लसीने म्हशी दगावल्या'. मथळा चपखल बसला. आमच्या धंद्यात मथळा बसला की दिवसाचं ओझं उतरतं. मी चहा मागवला.

तुला फोन करता आला असता. तू कोल्हापुरातच होतास. मी केला नाही, कारण तू माझा मित्र होतास. मित्राची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये म्हणून मी मित्राला विचारलंच नाही. शत्रू असतास तर नक्की विचारलं असतं. आणि या भेकडपणाला मी मनातल्या मनात निःपक्षपात असं नाव दिलं.

दुसऱ्या दिवशी तू कट्ट्यावर आलास. मला वाटलं होतं येणार नाहीस. नेहमीच्या म्हशीकडं गेलास, पाठीवर ठेवायला हात पुढं केलास, आणि गवळ्यानं दावं ओढून तिला पलीकडं घेतली. वर्षानुवर्षं तुझी चेष्टा करणारा, घरच्या रेड्याला काय झालं तर तुझं दार वाजवणारा माणूस. तुझ्याकडं न बघता तो म्हणाला, 'पावणं, जरा लांब थांबा की.'

एका दिवसात डॉक्टरचा पावणा झालास. हात खिशात घातलास. माझ्या हातात पेला होता, आणि फेस बसून खाली दूध दिसायला लागलं तरी मी तो तोंडाला लावू शकलो नाही, खाली ठेवूही शकलो नाही.

आपण रंकाळ्याकडं चालत गेलो. तू ओरडशील म्हणून मी तयार होतो. तू एवढंच विचारलंस, 'कुणी सांगितलं?'

'भिकाजीनं. गावातल्या लोकांनी. संस्थेच्या सचिवानं.'

'सचिव कोण हाय तिथला?'

सचिव भिकाजीच होता. दूध संस्था तो चालवायचा, बातम्याही तोच पाठवायचा, आणि वाडीचं म्हणणंही त्याच्याच तोंडून यायचं.

'म्हंजे एक माणूस तीन टोप्या घालून आला,' तू म्हणालास, 'आणि तू तीन माणसं मोजलीस.'

मला राग आला. चूक दाखवली की आधी राग येतो. मी म्हणालो, खुलासा दे, उद्याच छापतो. खुलासा आरोपी देतो, मी देणार नाही, असं तू म्हणालास. मग कठड्यावर बसलास आणि तुझ्या चुका तूच सांगायला लागलास. संस्थेनं हो म्हटलं म्हणजे सगळ्या वाडीनं हो म्हटलं, असं तू धरून चाललास. ही लस अजून तपासली जातेय हे घरोघरी जाऊन सांगितलं नाहीस. पाऊस वाढायच्या आत उरकायचं म्हणून प्रत्येक जनावराचा ताप बघितला नाहीस. अंगात ताप असलेल्या जनावराला टोचू नये, हे हाताखालच्या पोरांना शिकवणारा तूच.

'हे सगळं छाप,' तू म्हणालास. 'माझ्या नावावर माझी चूक लिही. दुसऱ्याची नको.'

मी त्यातलं काहीच छापलं नाही. आतल्या पानावर चार ओळी टाकल्या, संबंधित शास्त्रज्ञानं आरोप फेटाळले म्हणून. तू काहीच फेटाळलं नव्हतंस. मेलेल्या म्हशींचे नमुने डोंगरातून कोल्हापूरला पोहोचेपर्यंत कुजले होते, त्यामुळे मरणाचं कारण निश्चित सांगता येत नाही असा अहवाल आला. तो आम्ही बाजारभावाच्या शेजारी छापला. तोवर मेलेल्या म्हशींचा आकडा गावोगाव फुगत गेला होता. गोचिडांनी तुझं काम बंद केलं आणि तुझी बदली केली. पुढं तू कॉलेजात शिकवायला लागलास. लस चांगली होती की वाईट, ते कायमचं राहून गेलं.

आणखी एक गोष्ट, यशवंता. भिकाजीचं बोलणं मी कागद न मागता खरं धरलं आणि तुझं म्हणणं मात्र पुराव्याशिवाय धरायला तयार नव्हतो. भिकाजी आमच्यातला. त्याचा चुलता माझ्या मामाच्या गावचा. कुणाचा शब्द आपोआप खरा वाटतो आणि कुणाला तो सिद्ध करावा लागतो, हे मी कसं ठरवलं ते तुला मी सांगायची गरज नव्हती. तू लहानपणापासून ओळखून होतास. मला मात्र पिकल्या केसांनी कळलं.

आणि हे कुणाच्या बाबतीत? गडहिंग्लजकडच्या आमच्या घरी म्हैस अडली होती तेव्हा तू मिळेल त्या एसटीनं आलास, बाही दंडापर्यंत चढवून गोठ्यात शिरलास, आणि रेडकू बाहेर काढून घामाघूम होऊन ओसरीवर बसलास. शाळेत असताना सुट्टीला तू यायचास तेव्हा त्याच ओसरीवर आमची अव्वा, म्हणजे आई, तुझ्यासाठी वेगळा कप ठेवायची. त्या दिवशी तिनं माझ्या वडिलांच्या कपातून तुला चहा दिला आणि म्हणाली, 'आत ये की रे, भाईर का बसलास?' तू आत गेलास. परत येताना एसटीत मला म्हणालास, म्हशीनं काम सोपं केलं. आपण दोघं हसलो. एवढंच. त्याबद्दल तुझे आभार मानायला हवे होते, तेही राहिले.

दोन हजारनंतर चरित्रकोशाचं काम निघालं. निवृत्त प्राध्यापकांचं मंडळ होतं आणि त्यांनी एक चांगला नियम केला होता. वादाच्या प्रत्येक विधानाला छापील असे तीन आधार हवेत. तुझी नोंद माझ्याकडं आली. मी तीन वेगवेगळ्या दैनिकांची तीन कात्रणं लावली आणि मंडळानं मान डोलावली.

ती तिन्ही कात्रणं एकाच हातची होती. भिकाजी खाली दोन कार्बन घालून लिहायचा आणि एकाच एसटीनं तीन पाकिटं तीन दैनिकांना पाठवायचा. वरची प्रत आमची, खालच्या दोन बाकीच्यांच्या. डोंगरी तालुक्यांत माणूस मिळत नसे, म्हणून सगळेच ते चालवून घेत. प्राध्यापकांना हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तिन्ही बातम्यांचं पहिलं वाक्य शब्दाशब्दानं सारखं होतं, मथळे तेवढे निराळे. सगळ्यांत कडक मथळा माझा.

कोशाची मुद्रितं तपासून व्हायची होती तेव्हा भिकाजी मला स्टँडवर भेटला. डोळे दाखवायला कोल्हापूरला आला होता. वय झालेलं, हातात पिशवी. चहा घेताना त्यानं तुझी चौकशी केली, आणि मग अगदी सहज, पावसापाण्याचं बोलावं तसा, म्हणाला, 'आमची म्हैस तर डॉक्टर यायच्या आधीच गेलती की. वरच्या वाडीतल्या पण. गळं सुजलंतं. म्हणून तर शिबिराची घाई केली मी.'

तुला सांगितलं होतं का, असं मी विचारलं.

'न्हाय. सांगितलं असतं तर त्यो टोचायचाच न्हाय. आणि बातमीत लिवलं असतं तर लोकांनी इचारलं असतं, उन्हाळ्यात सरकारी लस का टोचून घेतली न्हाय म्हणून. संस्थेनं शिबिरच लावलं नव्हतं त्या साली. सचिव मी. मला फोडलं असतं त्यांनी.'

मी त्याला बोललो. इतकी वर्षं गप्प कसा राहिलास, एका माणसाचं आयुष्य गेलं की. भिकाजीनं बशी खाली ठेवली.

'मी ग्रामस्थांचं म्हणणं हाय असं लिवलंतं, साहेब. मथळा तुमचा.'

त्यानंतर मुद्रितं बरेच दिवस माझ्या टेबलावर होती. ते एक वाक्य बदलता आलं असतं. मी स्वतःला नियम सांगितला. या बाजूला तीन छापील आधार आहेत, त्या बाजूला चहाच्या टपरीवरचं एक तोंडी बोलणं. नियम किती उपयोगी पडतो बघ. कार्बनचं मंडळाला सांगावं लागलं असतं, मग मथळ्याचं सांगावं लागलं असतं, आणि मित्रासाठी नोंद मवाळ केली असंही कुणी म्हणालं असतं. मी सही करून मुद्रितं परत पाठवली.

कोश निघाला. तू घरी आलास, पेन्सिलीनं खुणा केलेलं पान घेऊन. आईचं नाव बरोबर लिहिलंस म्हणून खूश होतास. मग त्या वाक्यावर बोट ठेवलंस. गॅसवर दूध होतं, माझी बायको आत होती, आणि तू अगदी हळू आवाजात विचारलंस, 'यात काय वेगळं असंल, असं तुला ठाऊक होतं का?'

मी म्हणालो, 'नाही.'

तू माझ्याकडं बघितलंस. पान मिटलंस. 'मग असू दे. ठाऊक नसताना झाली ती चूक. तिला काय इलाज न्हाय. पुढच्या आवृत्तीत बघ.' आणि चहा मागितलास.

त्यानंतरची वर्षं तू मला मित्र म्हणून दिलीस. कट्ट्यावर पुन्हा येऊ लागलास. जुना गवळी जाऊन त्याचा मुलगा उभा राहायचा, त्याला तू पुन्हा डॉक्टर होतास. माझ्या खांद्यावर हात टाकून चालायचास. मी प्रत्येक वेळी तो हात एका शब्दाच्या जिवावर झेलत होतो.

शेवटी तुझ्या घरी आलो तेव्हा ठरवूनच आलो होतो. वहिनींनी आत नेलं आणि त्या दारात उभ्या राहिल्या. तुझा आवाज बसला होता. दुसरी आवृत्ती कधी, असं तू विचारलंस. चाललंय काम, असं मी म्हणालो. तू डोळे मिटून म्हणालास, 'भिकाजीला एकदा इचार की.'

तुला माहीत होतं का? त्यानं तुलाही कधी सांगितलं होतं का? की तू नुसताच, धंद्याच्या रीतीनं, मूळ माणसाकडं जा म्हणत होतास? मी म्हणालो, 'विचारतो.' दुसरं खोटं. विचारून किती वर्षं झाली होती. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, दमतात ते आता. मी चपला घातल्या.

तुझ्या पुण्यानुमोदनानंतर मी गगनबावड्याची एसटी धरली. वरच्या वाडीत ज्यांच्या म्हशी गेल्या त्यांच्या घरी, एकेका घरी वेगळा बसलो. दोन घरांनी सांगितलं की त्यांचं जनावर शिबिराआधीच गेलं. एका म्हाताऱ्यानं ठामपणे सांगितलं, माझी म्हैस टोचल्यावरच गेली, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. त्याला मी अडवलं नाही. भिकाजीला आता दिसत नाही. तो म्हणाला, 'लिवा माझं नाव. आता कोण फोडतंय मला.'

सुधारलेली नोंद मंडळाला दिली आहे, कार्बनच्या हकिकतीसकट. तुझं कौतुक त्यात नाही, तू ते खोडलंच असतंस. त्यात असं आहे. लस तपासणीच्या टप्प्यात होती. शिबिराआधी प्रत्येक घराची संमती घेतली नाही, प्रत्येक जनावराचा ताप घेतला नाही. हे त्यांनी स्वतः सांगितलं. म्हशी मेल्या. काही शिबिराआधीच मेल्या असं भिकाजी आणि दोन घरं सांगतात, एक घर तसं मानत नाही. सरकारी अहवालानुसार कारण निश्चित नाही. लसीनं म्हशी मेल्या या विधानाला एकाच माणसाचा आधार होता आणि तो बातमीदारच दूध संस्थेचा सचिव होता. मथळा या संपादकाचा.

तुझ्या नावावर आता तुझीच चूक आहे, यशवंता. दुसऱ्याची काढून ज्याच्या त्याच्या नावावर घातली आहे.

पण ते झालं कोशाचं. तू माझ्या घरात, पानावर बोट ठेवून मला एक प्रश्न विचारला होतास आणि त्याचं उत्तर अजून तुझ्याकडं चुकीचं आहे. व्हय, मला ठाऊक होतं. तू विचारलंस तेव्हा ठाऊक होतं, सही केली तेव्हाही ठाऊक होतं. मला माफ कर.